खाँसाहेबांचा तंबोरा

विजेवर चालणाऱ्या गिटारची एक तार छेडायची आणि पायाशी ठेवलेल्या लहानशा पेटीची कळ दाबायची. पेटी तो नाद लक्षात ठेवते आणि पुन्हा पुन्हा ऐकवत राहते. त्या आवर्तनावर वादक दुसरा सूर ठेवतो, त्यावर तिसरा. प्रतिध्वनी लांबवणारी, सुराच्या कडा विरघळवणारी आणखी दोन-तीन यंत्रे मध्ये जोडली की कोणती तार केव्हा छेडली होती हे कळेनासे होते आणि देवघरात उदबत्तीचा वास भरून राहावा तसा नाद खोलीत भरून राहतो. या संगीताला सुरुवात नसते आणि शेवटही नसतो. पाश्चात्त्य जगात त्याला अँबियंट संगीत असे नाव पडले. पुण्यातल्या तरुण वादकांच्या पायाशीही आता अशा पेट्या दिसू लागल्या आहेत.

सवाई गंधर्व महोत्सवात रात्र जागवलेल्या पुणेकराला मात्र हा अनुभव परका वाटण्याचे कारण नाही. गायकाने पहिला षड्ज लावण्याआधी त्याच्या दोन्ही बाजूंचे तंबोरे काही क्षण नुसतेच वाजत असतात. तेव्हा मंडपात जे भरून येते ते याहून फारसे वेगळे नसते. फरक इतकाच की तिथे वीज फक्त ध्वनिक्षेपकापुरती लागते. हा नाद केवळ साथीचा नाही, गायकाचे घरच तो आहे, असे आपल्या गाण्यातून सांगणारे महाराष्ट्रातले सर्वांत मोठे गायक म्हणजे खाँसाहेब अब्दुल करीम खाँ. त्यांना जाऊन आठ दशकांहून अधिक काळ लोटला. त्यांच्या घराण्याचा धागा पुढे अमेरिकेतल्या विजेच्या वाद्यांपर्यंत जाऊन पोहोचला. त्यांचे चरित्र मात्र आपल्याकडे बहुधा ठुमरी आणि ख्याल यांच्याच अंगाने सांगितले जाते. तंबोऱ्याच्या अंगाने ते फारसे कोणी सांगत नाही.

उत्तर प्रदेशात यमुनेपासून जवळ कैराना नावाचे गाव आहे. किराणा घराण्याचे नाव त्यावरूनच आले. तिथे ११ नोव्हेंबर १८७२ रोजी अब्दुल करीम यांचा जन्म झाला. वडील काले खाँ आणि चुलते अब्दुल्ला खाँ यांच्याकडे तालीम सुरू झाली. घर गवयांचे आणि सारंगियांचे असल्यामुळे गळ्याबरोबर हातही तयार होत गेला. सारंगी, बीन, सतार, तबला अशी अनेक वाद्ये त्यांना येत होती. पुढच्या आयुष्याच्या दृष्टीने याचे महत्त्व मोठे आहे. ज्याने सारंगीच्या तरफा वर्षानुवर्षे जुळवल्या आहेत, त्याला न छेडलेली तार शेजारच्या सुराने आपोआप बोलू लागते हे कोणी शिकवावे लागत नाही. बहुतेक गवई वाद्याकडे आपल्या गळ्याला आधार म्हणून पाहतात. अब्दुल करीम यांचा गळाच वाद्याच्या नादात घडला होता.

विशीतच ते बडोद्याला सयाजीराव गायकवाडांच्या दरबारात आले. तिथे त्यांची प्रतिष्ठा वाढली आणि तिथेच त्यांच्या आयुष्याला वळण मिळाले. राजघराण्याशी नाते असलेले सरदार मारुतीराव माने यांची कन्या ताराबाई आणि हा परप्रांतीय मुसलमान गवई यांचे प्रेम जमले. त्या काळात त्याचा शेवट एकाच मार्गाने होणे शक्य होते. एकोणिसावे शतक संपता संपता दोघांनी बडोदे सोडले आणि मुंबईमार्गे ती दोघे मिरजेला आली. दरबार, मानधन, आश्रय हे सगळे मागे राहिले. पुढे खाँसाहेबांनी अनेक संस्थानांत गाणे केले, म्हैसूर दरबाराने त्यांचा मोठा गौरवही केला, पण एका राजाच्या पदरी कायमचे बांधले जाणे त्यांनी पुन्हा पत्करले नाही.

मिरज त्यांना कशी मानवली याची एक कथा त्या गावात अजून सांगतात. प्लेगच्या साथीत खाँसाहेबांना गाठ आली आणि जगण्याची आशा उरली नाही. तेव्हा ते ख्वाजा शमना मीरासाहेबांच्या दर्ग्यात जाऊन बसले, तिथे गात राहिले आणि बरे झाले. कथेचा वैद्यकीय भाग बाजूला ठेवला तरी दर्ग्याशी त्यांचे नाते जन्मभर टिकले हे खरे आहे. पण मिरजेत त्यांना धरून ठेवणारे आणखी एक कारण होते. हे गाव तंतुवाद्यांचे होते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फरीदसाहेब आणि मोहिद्दीन या शिकलगार बंधूंनी हत्यारांना धार लावण्याचा वडिलोपार्जित धंदा मागे ठेवून सतारी आणि तंबोरे करायला सुरुवात केली. तलवारी निरुपयोगी ठरल्या तेव्हा त्यांच्या हातांनी दुसरे काम शोधले. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे भोपळे बैलगाड्यांतून मिरजेत येत आणि सतारमेकर गल्लीत त्यांचे तंबोरे होत. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, पण ही कीर्ती तेव्हाही होती. खाँसाहेबांसारखा कान असलेला गवई आणि असे कारागीर एका गावात नांदावेत, हा योग सामान्य नव्हता.

इथे तंबोऱ्याविषयी थोडे विस्ताराने सांगायला हवे, कारण त्याशिवाय खाँसाहेबांचे गाणे समजत नाही. तंबोऱ्याला चार तारा असतात. मधल्या दोन जोडाच्या, षड्जात मिळवलेल्या. शेवटची खर्जाची, पितळेची. पहिली तार रागाप्रमाणे पंचमात, मध्यमात किंवा निषादात. त्या एकामागून एक, न थांबता, ठरलेल्या क्रमाने छेडायच्या. चौथी तार छेडेपर्यंत पहिलीचा नाद विझलेला नसतो. त्यामुळे आवर्तनाचा सांधा कानाला लागत नाही. आजच्या भाषेत सांगायचे तर हे शतकानुशतके चालत आलेले लूप आहे.

पण तारांपेक्षा मोठी करामत आहे ती जवारीची. तार ज्या घोडीवरून जाते ती घोडी धारदार नसते. ती रुंद आणि किंचित उतरती असते. तार आणि घोडी यांच्यामध्ये एक सुती किंवा रेशमी धागा सरकवलेला असतो. धागा केसभर पुढे-मागे केला की कंप पावणारी तार घोडीच्या पृष्ठभागाला ओझरता स्पर्श करू लागते आणि तिच्या एका सुरातून कितीतरी वरचे स्वर एकेक करून उलगडत जातात. खर्जाच्या तारेतून प्रथम षड्ज, मग पंचम, पुन्हा षड्ज आणि त्यानंतर गंधार ऐकू येतो. हा गंधार कोणत्याही तारेत मिळवलेला नसतो, म्हणून त्याला स्वयंभू म्हणतात. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ साली वीणा आणि तंबोरा यांवर शोधनिबंध लिहिला, तो याच कारणाने. तार ज्या बिंदूवर छेडावी तिथे ज्या उपस्वरांचा स्थिर बिंदू येतो ते उपस्वर उमटू नयेत, असा युरोपात मान्य झालेला नियम होता. आपल्या या वाद्यांत तेही उमटतात हे रामन यांनी दाखवून दिले. गिटारवादक आज ज्याला इफेक्ट म्हणतो, ते काम इथे हाडाचा तुकडा आणि दोरा करत होते.

खाँसाहेब स्वतः वाद्ये दुरुस्त करत. तंबोऱ्याची जवारी काढण्यात ते वाकबगार होते. मैफलीआधी तंबोरे लावण्यात त्यांचा भरपूर वेळ जाई. घाईच्या श्रोत्यांना हे खटकत असेल, पण त्यांचे गाणे त्या लावण्यातूनच सुरू होत असे. त्यांचा आवाज भरदार नव्हता. तो बारीक, टोकदार आणि किंचित सानुनासिक होता, शब्दही बरेचदा पुसट होत. आग्रा किंवा ग्वाल्हेरच्या गायकीशी तुलना करणाऱ्यांना त्यात लयीचा दरारा कमी वाटे. ही टीका अगदीच निराधार नव्हती. परंतु एखादा स्वर त्यांनी लावला की तो तंबोऱ्याच्या नादात असा मिसळे की गळा कुठे संपला आणि तार कुठे सुरू झाली हे सांगणे कठीण होई. वेगाने कुठे पोहोचण्यापेक्षा एका स्वरात राहणे त्यांना महत्त्वाचे वाटे. एकेका स्वराने रागाची बढत करण्याची किराणा पद्धत या राहण्यातूनच आली.

१९१३ साली त्यांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालयाची स्थापना केली. मुसलमान उस्तादाने काढलेल्या शाळेच्या नावात आर्य हा शब्द यावा, याचे आज अनेकांना नवल वाटेल. पुण्याच्या ब्राह्मणी मध्यमवर्गात गाण्याला नुकतीच प्रतिष्ठा मिळू लागली होती. गांधर्व महाविद्यालयाच्या धर्तीवर शाळा निघत होत्या, स्वरलिपी छापल्या जात होत्या, आणि संगीताच्या पुनरुत्थानाच्या या भाषेत खाँसाहेबांसारख्यांना अशिक्षित, हट्टी, विद्या लपवणारे म्हणून बाजूला काढले जात होते. खाँसाहेबांनी याला वाद घालून उत्तर दिले नाही. त्यांनी शाळा काढली. गरीब मुलांना घरीच ठेवून, जेवू घालून शिकवले. शिष्यांत हिंदू मुले बहुसंख्य होती. शाळेचा खर्च चालावा म्हणून शिष्यांना घेऊन तिकीट लावून जलसे करावे लागत. या जलशांत त्यांनी सुरात साद घालायला शिकवलेला टिपू नावाचा कुत्राही असे, असे सांगतात. शुद्ध स्वरासाठी जीव टाकणाऱ्या माणसाने कुत्र्याला रंगमंचावर आणावे यात काहींना विनोद दिसेल. मला त्यात शाळेच्या शिधापाण्याची चिंता दिसते. शाळेचे आयुष्य फार लांबले नाही. तिच्यातून जे शिष्य बाहेर पडले त्यांपैकी बाळकृष्णबुवा कपिलेश्वरी यांनी पुढे गुरूचे बृहत् चरित्र लिहिले. खाँसाहेबांविषयी आज आपल्याला जे माहीत आहे त्यातले बरेचसे त्या भक्तिभावाने लिहिलेल्या ग्रंथातून आलेले आहे.

याच सुमारास स्वर मोजण्याचा एक विलक्षण उद्योग त्यांच्या आयुष्यात आला. सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांना बावीस श्रुतींचे गणित सोडवायचे होते. त्यांचे पुस्तक १९१० मध्ये पुण्यात छापले गेले. जिल्हा न्यायाधीश असलेले आयसीएस अधिकारी अर्नेस्ट क्लेमंट्स त्यांना येऊन मिळाले. गवयाने स्वर लावायचा, देवलांनी तारेची लांबी मोजायची, अशी ती पद्धत होती. हा गवई म्हणजे अब्दुल करीम खाँ. गवई आपली विद्या कुलुपात ठेवतात असा बोभाटा चाललेला असताना हा माणूस आपला गळा मोजपट्टीखाली ठेवायला तयार झाला, हे नोंदवून ठेवण्यासारखे आहे.

त्या मोजमापातून बावीस श्रुतींची पेटी तयार झाली. साध्या हार्मोनियमचा गंधार स्वयंभू गंधारापेक्षा चढा असतो. अर्ध्या सुराचे शंभर भाग केले तर सुमारे १४ भागांनी चढा. तंबोऱ्याजवळ बसून ही पेटी वाजवली की ज्याला कान आहे त्याला तो फरक दाताखाली आलेल्या खड्यासारखा जाणवतो. नव्या पेटीने तो काढून टाकायचा होता. १९१६ च्या मार्चमध्ये विष्णू नारायण भातखंडे यांच्या पुढाकाराने बडोद्याला अखिल भारतीय संगीत परिषद भरली. तिथे जमलेल्या उस्तादांपुढे ही पेटी उतरली नाही. श्रुतींचा वाद पुढे अनेक वर्षे चालला आणि आजही मिटलेला नाही. पण त्यात खाँसाहेबांचा पराभव झाला असे म्हणता येणार नाही. स्वर एका कळीखाली कायमचा बसवता येईल या कल्पनेचा तो पराभव होता. त्यांच्या गळ्यातला गंधार रागागणिक, किंबहुना क्षणागणिक वेगळा असे. तो पेटीला कसा सापडावा?

घराकडे मात्र सगळे ठीक नव्हते. ताराबाई आणि खाँसाहेब यांना पाच मुले झाली. १९२२ साली ताराबाई मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या. ज्या स्त्रीने त्यांच्यासाठी राजवाड्याशी संबंध तोडले होते, तिनेच अखेर त्यांचे घर सोडले. शाळेची कायमची ओढाताण, शिष्यांनी भरलेले घर आणि सतत परगावी असणारा नवरा एवढे तरी समोर दिसते. त्यापलीकडच्या कारणांत शिरण्याचा अधिकार आपल्याला नाही. मुलांनी बापाचे नाव लावले नाही. अब्दुल रहमान पुढे सुरेशबाबू माने झाले. चंपाकली हिराबाई बडोदेकर झाल्या. सकीना सरस्वती राणे झाल्या आणि गुलाब कमलाबाई बडोदेकर झाल्या. बडोदेकर या आडनावात आईचे गाव आले. बापाचे गाव घराण्याच्या नावात राहिले. हिराबाईंना पुढची तालीम मिळाली ती अब्दुल वहीद खाँ यांच्याकडून. हे खाँसाहेबांचे नातलग, त्याच घराण्याचे पण त्यांच्याहूनही संथ गाणारे. तिकीट लावून जाहीर मैफल करणाऱ्या पहिल्या गायिकांत हिराबाईंचे नाव घेतले जाते. महाराष्ट्राने किराणा गायकी डोक्यावर घेतली त्याचे मोठे श्रेय वडिलांचे नाव न लावणाऱ्या या मुलीचे आहे.

या ताटातुटीनंतर खाँसाहेबांचे गाणे अधिक अंतर्मुख झाले असे जाणकार सांगतात. गाण्यातून चरित्र वाचण्याचा मोह मला नेहमीच धोक्याचा वाटत आला आहे. तरी १९३४ ते १९३६ या काळातल्या ओडियन कंपनीच्या तबकड्या ऐकताना हे म्हणणे खोटे ठरवावेसे वाटत नाही. त्याआधी, १९०५ च्या सुमारास, ग्रामोफोन कंपनीने त्यांचा आवाज मुद्रित केला होताच. पण आज ज्यांच्यामुळे खाँसाहेब आपल्याला ठाऊक आहेत त्या तबकड्या शेवटच्या काळातल्या आहेत. तबकडीची एक बाजू जेमतेम तीन मिनिटांची. एका स्वरात अर्धा अर्धा तास राहणाऱ्या गवयाला ही किती तोकडी जागा! मात्र त्यांनी त्या तीन मिनिटांत माल कोंबला नाही. झिंझोटीतली ठुमरी असो, भैरवीतली असो की मानापमानातले नाट्यपद असो, ते जणू आधीच सुरू असलेल्या गाण्यात शिरतात आणि तीन मिनिटांनी सुई उचलली तरी ते गाणे पलीकडे चालूच असावे असे वाटते. झिंझोटीतली ती तबकडी गदगमध्ये एका शाळकरी मुलाने ऐकली आणि असे गायला शिकायचेच म्हणून १९३३ पासूनच घराबाहेर भटकत असलेल्या त्याच्या ध्यासाला दिशा मिळाली, असा प्रवाद आहे. तबकडीचे आणि पळून जाण्याचे साल कसेही जुळवले तरी त्या मुलाने, म्हणजे भीमसेन जोशी यांनी, या गाण्याचे आपल्यावरचे ऋण जन्मभर मानले हे निर्विवाद आहे.

मिरज हे रेल्वेचे मोठे जंक्शन होते. तिथून गाडी धारवाडकडे, म्हैसूरकडे, मद्रासकडे जात असे. खाँसाहेबांनी या लोहमार्गावरून किराण्याचा स्वर दक्षिणेत नेला आणि येताना कर्नाटक संगीताची सरगम बरोबर आणली. त्यागराजांची रचना गाऊन त्यांनी तबकडीही केली. हिंदुस्थानी गवयाने दाक्षिणात्य गाण्याकडे कुतूहलाने, एवढेच नव्हे तर शिष्यभावाने पाहण्याचा तो दुर्मीळ नमुना आहे. कुंदगोळचे रामभाऊ, म्हणजेच सवाई गंधर्व, त्यांच्याकडे शिकले. रामभाऊ नाटक कंपनीत गेले तेव्हा गुरूची नाराजीही त्यांना सोसावी लागली. धारवाड-हुबळी पट्ट्यात किराणा गायकी इतकी का रुजली, याचे उत्तर रेल्वेच्या नकाशावर बरेचसे सापडते.

त्याच मार्गावर त्यांचा अंत झाला. १९३७ च्या ऑक्टोबरात मद्रासचे कार्यक्रम आटोपून ते पाँडिचेरीला, अरविंदबाबूंच्या आश्रमात गाण्यासाठी निघाले होते. वाटेत छातीत दुखू लागले. सिंगपेरुमल कोइल नावाच्या लहानशा स्थानकावर ते शिष्यांसह उतरले. फलाटावर अंथरूण घातले गेले. त्यांनी तंबोरा लावायला सांगितला, नमाज अदा केली आणि दरबारी कानड्यात हलक्या आवाजात प्रार्थना म्हणता म्हणता प्राण सोडला, असे शिष्यांनी सांगून ठेवले आहे. तारीख होती २७ ऑक्टोबर. वय पासष्टीच्या उंबरठ्यावर. देह मिरजेला आणून मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात दफन करण्यात आला.

आता आरंभी उल्लेखलेल्या विजेच्या पेट्यांकडे. इथे एक गैरसमज टाळायला हवा. ध्वनिफितीचे आवर्तन पाश्चात्त्यांनी आपल्याकडून उचलले असे अभिमानाने सांगण्याची टूम निघाली आहे. ते खरे नाही. टेरी रायली या अमेरिकन संगीतकाराने १९६३ साली पॅरिसमध्ये दोन ध्वनिमुद्रण यंत्रे काही फुटांवर ठेवून एकच फीत दोन्हींतून फिरवली. पहिल्या यंत्रावर मुद्रित झालेला सूर काही सेकंदांनी दुसऱ्यातून परत येई, पुन्हा पहिल्यात मुद्रित होई आणि दर फेरीला थोडा मंद होत जाई. त्यावर नवे सूर चढत जात. त्याच्या मित्राने, ला माँट यंगने, याच काळात न्यूयॉर्कमध्ये तासन् तास एकच सूर धरून ठेवणारा संच उभा केला. पुढे त्याने विजेच्या यंत्रातून न थांबणारे शुद्ध सूर निर्माण केले. हे दोघेही या वाटेवर स्वतःच्या पायांनी आले होते.

पण एक प्रश्न त्यांच्यापुढे होता. असा अखंड नाद निर्माण करता आला, आता त्यात राहायचे कसे? १९७० साली पंडित प्राणनाथ अमेरिकेत गेले आणि यंग, त्यांच्या पत्नी मरियन झझीला आणि रायली यांनी त्यांचे शिष्यत्व पत्करले. १९१८ मध्ये लाहोरला जन्मलेले प्राणनाथ हे अब्दुल वहीद खाँ यांचे शिष्य. म्हणजे ज्यांनी हिराबाईंना शिकवले त्यांचेच. रायली आणि यंग तंबोरे घेऊन प्राणनाथांच्या मागे बसू लागले. अब्दुल करीम खाँच्या जुन्या तबकड्यांवरही या मंडळींची भक्ती जडली. याच गुरूकडे जॉन हॅसेल नावाचा ट्रंपेटवादक गेला. किराणा अंगाची मींड त्याने ट्रंपेटवर आणली, तो सूर इलेक्ट्रॉनिक यंत्रांतून काढून त्याचे अनेक पडदे केले आणि १९८० साली ब्रायन ईनोबरोबर ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध केली. अँबियंट हे नाव रूढ केले ते याच ईनोने, दोन वर्षे आधी विमानतळासाठी केलेल्या ध्वनिमुद्रिकेत. त्यातल्या एका भागात त्याने कमी-अधिक लांबीच्या फिती एकाच वेळी फिरवल्या. त्या कधीच जुळत नाहीत, त्यामुळे दर क्षणी नवी रचना होते. गवयाच्या डाव्या-उजव्या बाजूला बसलेले दोन तंबोरेही नेमके हेच करत असतात. दोघांची गती किंचित वेगळी, आवर्तने कधीच एकावर एक बसत नाहीत, आणि म्हणून तोच चार तारांचा नाद तीन तास ऐकूनही शिळा होत नाही.

आपल्याकडे विजेने वेगळी वाट धरली. १९७९ च्या सुमारास बंगळूरला जी. राज नारायण यांनी इलेक्ट्रॉनिक तंबोरा बनवला. घरच्या रियाजाची त्यामुळे मोठी सोय झाली. तंबोरा परवडत नाही, धरायला माणूस मिळत नाही, चाळीतल्या खोलीत तो ठेवायला कोपरा नाही, या साऱ्या अडचणी एका झटक्यात मिटल्या. आता तर तो मोबाइलमध्ये आला आहे. या सोयीला नाक मुरडणे श्रीमंती चोचल्यासारखे होईल. पण पेटीत बसवलेले आवर्तन पहिल्यांदा वाजते तसेच हजाराव्यांदा वाजते. त्यात हाताचा दाब बदलत नाही, हवेतल्या दमटपणाने तार उतरत नाही, आणि म्हणून ती पुन्हा मिळवण्यासाठी कोणाला कान द्यावा लागत नाही. विद्यार्थ्याला तयार सूर मिळतो, सूर लावण्याची तालीम मिळत नाही. खाँसाहेबांच्या शाळेत तीच पहिली होती. परदेशातले इलेक्ट्रॉनिक वादक आपल्या आवर्तनात मुद्दाम थोडी अस्थिरता आणण्यासाठी धडपडतात आणि आपण आपल्या तंबोऱ्यातली ती काढून टाकतो, हा उलटा प्रवास आहे.

खाँसाहेबांचे पुणे आज कोठे शोधावे? आर्य संगीत विद्यालय केव्हाच इतिहासजमा झाले. पण सुरेशबाबू आणि हिराबाई इथेच राहिले. १९५२ मध्ये सवाई गंधर्व इथेच गेले आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या स्मरणार्थ महोत्सव सुरू झाला. भीमसेनांनी तो वाढवला. सुरेशबाबूंच्या शिष्या प्रभा अत्रे २०२४ च्या जानेवारीपर्यंत याच शहरात गात, शिकवत होत्या. मिरजेत तर उरुसाच्या वेळी दर्ग्याच्या आवारात, ज्या चिंचेखाली बसून खाँसाहेब गात असत असे सांगतात, तिथे गवई येऊन हजेरी लावतात. बिदागीचा प्रश्न तिथे निघत नाही. कलावंत आपला क्रम येईपर्यंत बाजूला बसून तंबोरे लावत असतात, आणि तंबोऱ्यात काही बिघडलेच तर दुरुस्त करणारे सतारमेकर हाकेच्या अंतरावर आहेत.